शिवेपर्यंतचा माग

आमच्या लहानपणी रात्री गल्लीतून काठी आपटत फिरणाऱ्या पहारेकऱ्याला ‘गुरखा’ म्हणत. तो नेपाळचा असो, गढवालचा असो वा आणखी कुठला. मुलखाचे नाव धंद्याचे नाव होऊन बसले होते. त्याआधीच्या पिढ्यांत पुण्याकडे हेच काम करणाऱ्याला ‘रामोशी’ म्हणत. तेथे जातीचे नाव धंद्याला चिकटले होते. आज गृहनिर्माण संस्थेच्या फाटकावर जो उभा असतो तो ‘वॉचमन’, आणि नव्या संकुलांत तर नुसताच ‘सिक्युरिटी’. “सिक्युरिटीला सांगून ठेवा”, “सिक्युरिटीने सोडले नाही” असे आपण सहज बोलून जातो. मुलूख गेला, जात गेली, अखेर माणूसही गेला आणि एक भाववाचक नाम तेवढे निळ्या गणवेशात उभे राहिले.

भाषेच्या अभ्यासकाला हा अर्थपालटाचा एक साधा नमुना वाटेल. परंतु नावे बदलली तरी त्या नावांखालील करार किती बदलला, हा प्रश्न आम्हाला गेली दोन वर्षे सतावतो आहे. पोलीस सरकारचा आणि वॉचमन खाजगी, एवढी विभागणी शाळकरी मुलालाही ठाऊक असते. या दोघांमध्ये काय देवघेव चालते, आणि त्या देवघेवीचा हिशेब शेवटी कोणाच्या नावावर मांडला जातो, याविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. प्रस्तुत लेखात त्या हिशेबाची काही पाने उलटून पाहण्याचा विचार आहे.

*

प्रथम आपल्या मुलखातले जुने पान. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि पुढच्याच वर्षी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या प्रदेशाविषयीचा आपला अहवाल कंपनी सरकारपुढे ठेवला. गावच्या बंदोबस्ताचे जे वर्णन त्यात येते, त्याचा आशय असा: गावात चोरी झाली की पाटलाच्या हाताखालच्या राखणदाराने चोराचा माग काढायचा. हा राखणदार कुठे महार असे, कुठे रामोशी, कुठे भिल्ल. पाउलांचे ठसे पाहात तो शिवेपर्यंत जाई. माग शिवेपलीकडे गेला असे त्याने दाखवून दिले की त्याचे काम संपले. पुढचा शोध पुढच्या गावाने घ्यायचा. माग आपल्याच हद्दीत विरला, तर मात्र चोर किंवा माल सापडेपर्यंत जबाबदारी, निदान तत्त्वतः, त्या गावावर आणि त्याच्या राखणदारावर राही.

ही व्यवस्था वाचताना आरंभी तिच्या साधेपणाचे कौतुक वाटते. तुरुंग नको, फौजदार नको. गावाचे गावाने पाहावे. परंतु त्या राखणदाराच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. त्याच्यापुढे पहाटेच्या दवात दिसणारी दोन-चार पाउले आहेत आणि मागे सगळा गाव उभा आहे. चोर सापडणे चांगलेच. पण चोर सापडला नाही तरी त्याची सुटका होऊ शकते, एवढेच की माग शिवेपलीकडे जायला हवा. भरपाईचे ओझे ज्याच्या डोक्यावर आहे, त्याची नजर सत्यावर जितकी असते त्याहून अधिक त्या ओझ्याच्या पुढच्या खांद्यावर असते. हा त्याच्या स्वभावाचा दोष नव्हे; व्यवस्थेनेच त्याला तसे पाहायला शिकवलेले असते.

या व्यवस्थेला दुसरीही एक बाजू होती. पहारा करणाऱ्यावरच चोरीचा पहिला संशय. 1886 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात रामोशी या शब्दाची नोंद आहे. पश्चिम हिंदुस्थानातील इंग्रज कुटुंबे बंगल्यावर पहाऱ्याला रामोशी ठेवीत हेही त्या नोंदीत आहे, आणि चोऱ्यांत त्यांचाच हात असल्याचा आरोपही तिच्यातच आहे. ज्याच्या हाती घराच्या किल्ल्या द्यायच्या त्यालाच जन्मजात चोर म्हणायचे, आणि दोन्ही गोष्टी एकाच दमात म्हणताना अडखळायचे नाही, ही कोशकारांची किमया नव्हती. ती त्या काळच्या मालकवर्गाची समजूत होती. उमाजी नाईक यांच्या चरित्रात हाच विरोधाभास आपल्या टोकाला पोहोचलेला दिसतो. पुरंदरच्या परिसरात कंपनी सरकारविरुद्ध बंड करून उठलेल्या या पुरुषाला मधल्या काळात त्याच सरकारने माफी देऊन बंदोबस्ताच्या कामावर घेतले, आणि पुढे 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात फाशी दिले. रामोशी समाज आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. राखणदारीचे वतन गेले. संशयाचे वतन मात्र बराच काळ चालू राहिले. त्या वतनाचा अनुभव काय असतो हे ज्यांना जाणून घ्यायचे असेल, त्यांनी लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (1987) पुन्हा उघडावे.

*

हे केवळ आपल्याकडचे दुखणे होते असेही नाही. साहित्याच्या वर्गात जॉन गे याचे ‘बेगर्स ऑपेरा’ (1728) शिकवताना पीचम या पात्रापाशी थांबावे लागते. पु. ल. देशपांड्यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’मुळे (1978) मराठी प्रेक्षकाला हे कुळ परके नाही, ब्रेख्तच्या 1928 मधील नाटकावरून पु. लं.नी ते मराठीत आणले आणि ब्रेख्तने ते गेकडून घेतले होते. गेच्या पीचममागे लंडनमधला एक खराखुरा माणूस उभा आहे. त्याचे नाव जोनाथन वाइल्ड.

त्या काळी लंडनला आजच्या अर्थाने पोलीस दल नव्हते. चोर पकडून देणाऱ्याला सरकार बक्षीस देई आणि चोरीचा माल परत मिळवून देणाऱ्याला मालक पैसे देत. वाइल्डने या दोन्ही बाजारांत दुकान थाटले. चोर त्याच्या ओळखीचे, माल त्याच्या माहितीचा. मालक त्याच्याकडे येत, तो ‘शोध’ घेई आणि माल परत मिळे. जो चोर ऐकेनासा होई त्याला तो फासावर पाठवी आणि बक्षीस घेई. लोक त्याला चोर पकडणाऱ्यांचा सेनापती म्हणत. ही पदवी त्याने स्वतःच मिरवली होती. 24 मे 1725 रोजी टायबर्न येथे तो स्वतः फासावर चढला. ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ ही आपली म्हण त्याच्यासाठीच घडवली असावी असे वाटते. तरीही आम्हाला ती अपुरी वाटते. कुंपण शेत खाते तेव्हा दोष कुंपणाचा, एवढेच ती म्हण सांगते. हे कुंपण कोणी घातले आणि शेताची राखण मालाच्या भावाने मोजायचे कोणी ठरवले, हा प्रश्न तिच्यात नाही.

हेन्री फील्डिंगने 1743 मध्ये वाइल्डवर उपरोधिक कादंबरी लिहिली आणि त्यानंतर काही वर्षांतच तो स्वतः लंडनमध्ये न्यायदंडाधिकारी झाला. बो स्ट्रीटवर त्याने पकडणाऱ्यांची जी छोटी तुकडी उभी केली, तिच्यात पुढच्या पोलीस दलाचे बीज आहे असे इतिहासकार मानतात. ज्याने खाजगी पहाऱ्याचा बाजार कादंबरीत उघडा पाडला, त्यालाच सार्वजनिक पहाऱ्याची पहिली घडी बसवावी लागली, ही साहित्याच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

या इतिहासात आणखी एक तारीख महत्त्वाची वाटते. 1798 मध्ये थेम्स नदीवरील गोद्यांसाठी वेस्ट इंडीजच्या व्यापाऱ्यांनी मुख्यत्वे स्वतःच्या पैशाने एक पोलीस दल उभे केले. 1800 मध्ये सरकारने ते आपल्याकडे घेतले. 1829 च्या लंडन पोलीस दलाआधीची ही घटना आहे. या दलाने कोणाकडे डोळे लावले होते? जहाजावर साखर आणि कोळसा उपसणाऱ्या मजुरांकडे. सांडलेला, उरलेला माल घरी नेणे हा ते मजूर पिढीजात हक्क समजत. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने ती चोरी होती. पहारा आला आणि रिवाज गुन्हा ठरला. मजुरांनी त्याच वर्षी दंगा केला, तो याच कारणाने. सार्वजनिक म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या पोलिसाच्या पाळण्यातही खाजगी पैसा होता, आणि त्याची पहिली झडती कामकऱ्याच्या खिशाची होती, हे विसरता येत नाही. घरकामाला येणाऱ्या बाईची पिशवी संध्याकाळी फाटकावर उघडून पाहिली जाते, आणि त्याच फाटकातून मोटारी न थांबता जातात, हे दृश्य पाहताना आम्हाला थेम्सकाठच्या त्या गोद्या आठवतात.

*

असो. आता वर्तमानाकडे येऊ. कायदा काय म्हणतो ते आधी पाहावे. खाजगी सुरक्षा अभिकरणे (विनियमन) अधिनियम, 2005 हा केंद्राचा कायदा सांगतो, की खाजगी सुरक्षा म्हणजे जो लोकसेवक नाही अशा व्यक्तीने दिलेली सुरक्षा. अभिकरणाला परवाना हवा, रक्षकाला ओळखपत्र हवे, प्रशिक्षण हवे. त्याने पोलिसांचा वा सैन्याचा गणवेश, किंवा तसा भास होईल असा पोशाख घातला तर शिक्षा आहे. महाराष्ट्राने याच्याही फार आधी, 1981 मध्ये, सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यांसाठी स्वतंत्र कायदा करून सुरक्षा रक्षक मंडळे स्थापन केली. त्या कायद्यात सूट देण्याचीही तरतूद आहे आणि तिचा आधार घेणाऱ्या अभिकरणांची संख्या लहान नाही.

या सगळ्यांत रक्षकाला अधिकार कोणते? वॉचमनला त्याच्या नोकरीमुळे अटकेचा कोणताही खास अधिकार मिळत नाही. कोणाही सामान्य नागरिकाला जेवढा आहे तेवढाच त्याला आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 40, जे 1 जुलै 2024 पासून जुन्या कलम 43 च्या जागी आले, असे सांगते की आपल्यासमक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला नागरिक पकडू शकतो. परंतु विनाविलंब, आणि जास्तीत जास्त 6 तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. ‘आपल्यासमक्ष’ हा शब्द येथे कळीचा आहे. संशय पुरत नाही.

कागदावर हे सारे स्वच्छ आहे. आता कागदाबाहेरचे.

2024 च्या ऑगस्टमध्ये आमच्या संस्थेच्या वाहनतळातून एका सभासदाच्या मुलाची गिअरची सायकल नाहीशी झाली. किंमत 22 हजार रुपये. रात्रपाळीचे वॉचमन जालना जिल्ह्यातले, पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ होते. 12 तासांची पाळी, दोन एकर कोरडवाहू भावाच्या हवाली. सकाळी 7 वाजता इस्त्रीवाल्याचा 19 वर्षांचा मुलगा नेहमीप्रमाणे कपडे न्यायला आला. आदल्या संध्याकाळी तो वाहनतळातून जाताना कॅमेऱ्यात दिसला होता. तो रोजच जात असे. वॉचमननी त्याला केबिनमध्ये बसवले, मोबाइल काढून घेतला आणि दाराला बाहेरून कडी घातली. तीन तास तो तेथे होता. सचिव येऊन त्याला दोनदा विचारून गेले, सायकलीचे मालक येऊन गेले. त्याचा बाप बाहेर हात जोडून उभा होता.

आम्ही महाविद्यालयात जायला निघालो तेव्हा हा प्रकार दिसला. पोलिसांना बोलवा, नाहीतर मुलाला सोडा, एवढेच आम्ही म्हटले. सचिवांचे उत्तर आम्हाला अजून शब्दशः आठवते. “सर, आपण त्याला पगार देतो तो ह्याचसाठी ना? तो त्याचं काम करतोय.”

पोलिसांना फोन केला गेला. हवालदार आले, त्यांनी मुलाला दोन प्रश्न विचारून घरी पाठवले. गुन्हा नोंदवण्याऐवजी साधा अर्ज घेतला आणि कॅमेऱ्याचे चित्रण पेनड्राइव्हवर आणून द्यायला सांगितले. वॉचमनला ते म्हणाले, “झोपला होतास ना रात्री?” जाताना सचिवांना सल्ला दिला, “एजन्सी बदला साहेब, आणि दोन कॅमेरे वाढवा.” तीन तासांच्या त्या कडीविषयी कोणीच काही विचारले नाही. कोणाला बेकायदा कोंडून ठेवणे हा सायकलचोरीइतकाच कायद्याच्या पुस्तकातला गुन्हा आहे, हे आम्ही इस्त्रीवाल्याला समजावू लागलो, तेव्हा तो म्हणाला, “इथंच धंदा करायचाय सर. जाऊ द्या.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, असे म्हणून हा विषय येथे मिटवता आला असता, आणि वॉचमन हा या गोष्टीतला खलपुरुष ठरला असता. परंतु महिनाअखेरीस एक गोष्ट कळली. आमच्या संस्थेच्या करारात एक कलम आहे: पहाऱ्याच्या वेळेत झालेली हानी अभिकरणाने भरून द्यायची. अभिकरणाने ती रक्कम हप्त्याने, दरमहा 3 हजार रुपये, त्या वॉचमनच्या पगारातून कापायला सुरुवात केली. त्यांना आम्ही विचारले, तेव्हा ते म्हणाले, “मला त्याच सकाळी ठाऊक होतं सर. सायकल माझ्याच पगारातनं जाणार. पोरगं हो म्हणालं असतं तर मी सुटलो असतो.”

एल्फिन्स्टनच्या अहवालातला राखणदार आमच्यापुढे उभा होता. दोनशे वर्षांत गाव गेला, शीव गेली, बलुते गेले. चोरीची भरपाई राखणदाराने करायची हे कलम मात्र छापील करारात शाबूत होते. आणि त्या पहाटे त्या गृहस्थांनी जे केले, ते मागच केले: पाउले आपल्या हद्दीतून दुसऱ्या कोणाच्या तरी हद्दीत नेऊन सोडण्याची धडपड. शीव आता भूमीवर नाही, ती माणसामाणसांच्या पायरीत आहे. सभासदाने नुकसान संस्थेवर टाकले, संस्थेने अभिकरणावर, अभिकरणाने वॉचमनवर. आणि वॉचमनला आपल्या खाली जो एकच खांदा दिसला, तो इस्त्रीवाल्याच्या मुलाचा होता.

अशी वजावट कायद्याला अगदी अपरिचित आहे असे नाही. 1936 च्या वेतन प्रदान अधिनियमात, रक्षणासाठी स्पष्टपणे सोपवलेली वस्तू कामगाराच्या निष्काळजीपणामुळे गहाळ झाली तर वेतनातून रक्कम कापण्याची मुभा होती. पण आधी त्याला आपली बाजू मांडण्याची संधी देणे बंधनकारक होते. 2019 च्या वेतन संहितेनेही ती अट ठेवली आहे. आमच्या वॉचमनना कोणी काही विचारले नव्हते. ज्याला आपली बाजू मांडू दिली नाही, त्यानेही दुसऱ्याला मांडू दिली नाही, इतके हे सरळ गणित आहे.

*

आणि पोलीस? या सर्व प्रकारात त्यांनी काही वाईट केले नाही, असे कोणी म्हणेल. आम्हाला वाटते, त्यांनी जे केले नाही तेच पाहण्यासारखे आहे. कॅमेरे संस्थेचे, चित्रण काढून देणारा संस्थेचा, पाहुण्यांची वही वॉचमनची. तपासाचा पहिला प्रहर अशा रीतीने खाजगी हातांत गेला आहे. ही सोय दोघांनाही हवीशी असते. पोलिसांचे काम हलके होते, आणि पगार देणाऱ्यांना आपल्या दारात आपल्याच आवडीचा कायदा मिळतो. अवघड जागी मात्र दोघेही हात झटकू शकतात. पोलीस म्हणतात, कोंडले ते तुमच्या माणसाने. संस्था म्हणते, तो अभिकरणाचा माणूस.

सरकारही या बाजारात ग्राहक नसून विक्रेते म्हणून उतरले आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर, 2009 मध्ये, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन खाजगी आस्थापनांना सशुल्क संरक्षण देण्याची वाट मोकळी झाली. 2010 मध्ये महाराष्ट्राने राज्य सुरक्षा महामंडळाचा कायदा केला. त्याचे जवान शुल्क घेऊन पहारा देतात. क्रिकेटच्या मोठ्या सामन्यांना पोलिसांचा बंदोबस्तही फुकट नसतो. यांत गैर काय, असा प्रश्न योग्य आहे, आणि आम्ही त्याला सरसकट नकार देणार नाही. प्रशिक्षित, नियमित वेतनाचा, वरिष्ठांना जबाबदार असणारा जवान आमच्या वॉचमनपेक्षा शतपटीने सुस्थितीत असतो. मात्र थेम्सवरच्या व्यापाऱ्यांचे दल सार्वजनिक झाले तो प्रवाह आता उलट्या दिशेने वाहतो आहे, एवढे नोंदवून ठेवावेसे वाटते.

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये (1972) नाना एका खाजगी सौद्यात कोतवाली देऊन टाकतो, आणि जमावाचा राग शिगेला पोहोचल्यावर घाशीरामला सोडून देतो. वर्गात आम्ही हे नाटक सत्तेचे नाटक म्हणून शिकवतो आणि पुढेही शिकवू. त्याचे एक लहान, बिनगाण्याचे रूप दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या कार्यालयात घडत असते. त्यातला घाशीराम क्रूर नसतो, महत्त्वाकांक्षीही नसतो. त्याला सोयाबीनच्या बियाण्याचे पैसे गावी पाठवायचे असतात. नानाही एकटा नसतो. त्याच्या जागी ठरावावर सह्या करणारे आम्ही सारे सभासद असतो.

संस्थेच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत आम्ही दोन ठराव मांडले. पहिला असा, की कोणाही व्यक्तीला केबिनमध्ये वा अन्यत्र अडकवून ठेवू नये. संशय आल्यास पोलिसांना तत्काळ कळवावे. दुसरा असा, की हानीची रक्कम रक्षकाच्या वेतनातून कापली जाणार नाही असे कलम अभिकरणाशी होणाऱ्या करारात घालावे आणि त्यासाठी संस्थेने विमा उतरवावा. पहिला ठराव टाळ्यांच्या गजरात एकमताने संमत झाला. त्याला काही खर्च नव्हता. दुसऱ्याविषयी “तो एजन्सीचा अंतर्गत प्रश्न आहे” असे मत पडले आणि तो पुढच्या सभेवर ढकलला गेला. तो अद्याप तेथेच आहे. जालन्याचे ते गृहस्थ दिवाळीपूर्वीच सोडून गेले, तेव्हा सायकलीचे दोन हप्ते कापून झाले होते. शेवटच्या पगारातून उरलेल्या रकमेपैकी किती कापले, हे विचारायला ते परत आले नाहीत.

दुसऱ्या ठरावाशिवाय पहिला टिकणार नाही, असे आम्ही त्या सभेत सांगितले आणि येथेही सांगतो. नुकसान ज्याच्या भाकरीतून वसूल होणार आहे, त्याला माणसे कोंडू नका असे फलकावर लिहून सांगता येईल. पुढच्या चोरीच्या सकाळी तो फलक वाचील की आपल्या पगाराकडे पाहील, हे ठरवणे कठीण नाही. सध्या फाटकावर नवे वॉचमन आहेत. पहिला ठराव त्यांच्या केबिनच्या दारावर चिकटवला आहे, कडीच्या किंचित वर.